जिन्यातली शेवंती: कॅरिअरची आणि घरातल्या दोन मांजरांची सवय लावतानाच्या नोंदी

28 जुलै 2024, रविवार

गुरुवारी पहाटे, 25 तारखेला, खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी पुण्यातल्या आमच्या एकता नगरीत शिरलं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून आम्ही वाचलो. तळमजल्यावरच्या काकूंच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. त्या नेसत्या साडीनिशी बाहेर पडल्या, आता हडपसरला मुलीकडे आहेत. त्यांच्या दारात रोज जेवणारी तीनरंगी मांजरी मात्र इथेच राहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, एका फुटक्या कुंडीमागे ती चार दिवस बसून आहे. अंगावरचा चिखल सुकून केसांच्या गुठळ्या झाल्यात, डावा डोळा चिकटलाय, अधूनमधून शिंकते.

तिला घरात घ्यायचं ठरलं. आईचं म्हणणं एकच: "घे, पण बंड्या-ताईचे हाल नकोत."

बंड्या सहा वर्षांचा बोका, सव्वापाच किलोचा, स्वभावाने थंड. ताई चार वर्षांची, तापट, घर आपलं आहे असं मानणारी. दोघांचीही ऑपरेशनं झालेली, लसी वेळच्या वेळी. घर दोन खोल्या आणि हॉल. आतली लहान खोली आणि तिला लागून असलेली बाथरूम नवीन मांजरीला द्यायची.

या विषयावर शोधलं तर पिल्लांच्या गोष्टीच जास्त मिळतात. पिल्लू लवकर मिसळतं. बाहेर वाढलेल्या मोठ्या मांजराचं तसं नसतं. म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे, चुका आणि खर्चासह.

29 जुलै, सोमवार

पहिली चूक आजच झाली.

मांजर न्यायला कापडी, चेन असलेली कॅरिअर बॅग आणली, 1,350 रुपये. हलकी, घडी होणारी, खांद्याला अडकवता येणारी. मांजरी सुकट खात असताना मागून मानगूट धरली आणि तिला बॅगेत ढकललं. अर्धी चेन लागली तेवढ्यात आतून असा आवाज आला, जो मी कुठल्याच मांजराकडून ऐकलेला नव्हता. ओरडणं नाही, गुरगुरणं नाही, घशातून खेचलेली किंकाळी. तिने बॅगेच्या खिडकीची जाळी नखांनी उभी फाडली, माझ्या हातावरून चढून बाहेर पडली आणि गच्चीकडे पळाली.

हातावर तीन ओरखडे, त्यातल्या दोनांतून रक्त. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं, घड्याळ लावून. हळद, चुना काहीही लावलं नाही. मग महापालिकेच्या दवाखान्यात. रक्त आलेलं असल्याने रेबीजच्या लसीबरोबर जखमेभोवती सीरमही द्यावं लागलं. पुढचे डोस 1, 5 आणि 26 ऑगस्टला. अनोळखी मांजराचा ओरखडा आहे, कुत्र्याचा चावा नाही, म्हणून कुणी सोडून देऊ नये. डोस अर्धवटही सोडू नयेत.

मांजरी रात्री अकराला परत कुंडीमागे येऊन बसली. मला बघितल्यावर चार पायऱ्या वर सरकली. कालपर्यंत ती माझ्यासमोर खात होती.

30 जुलै

काकूंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, पिशवीत नको घालूस गं तिला. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी तिला पोत्यात कोंबून वारज्याच्या बाजूला सोडून आलं होतं. पाचव्या दिवशी परत आली. राजाराम पुलावरून आली असणार. पंज्यांची सालं निघाली होती."

म्हणजे कालची कापडी बॅग तिच्यासाठी पोतंच होतं. अंगाला चिकटणारं कापड, अंधार, आपल्या हातात नसलेलं हलणं. बॅग कपाटात वर टाकली. फाटलेली असल्याने दुकानदार परत घेणार नाही.

काकूंनी तिला शेवंती म्हणायचं असं सांगितलं. तेच नाव ठेवलं.

31 जुलै ते 3 ऑगस्ट

कडक प्लास्टिकचं कॅरिअर घेतलं, 2,250 रुपये. दुकानात दोन गोष्टी हाताने करून बघितल्या: वरचा अर्धा भाग पूर्ण सुटतो का, आणि छताला वेगळं दार आहे का. पुढे या दोन्हींनीच निभावलं. फक्त समोरून दार असलेलं कॅरिअर स्वस्त मिळतं, पण घाबरलेल्या मांजराला त्यातून बाहेर काढायला हात घालून ओढावं लागतं.

वरचा भाग काढून नुसता तळ कुंडीजवळ ठेवला. काकूंच्या नातवाने त्यांचा दोन रात्री उशाला घेतलेला टॉवेल आणून दिला, तो आत अंथरला. वर भात आणि वासापुरती चिमूटभर सुकट. सुकट खारट असते, जास्त घालू नये.

पहिली रात्र: जवळही नाही. दुसरी रात्र: काठावरचं खाल्लं. तिसऱ्या दिवशी मी वरच्या पायरीवरून बघत होते. ती टॉवेलपाशी आली आणि तोंड त्यात खुपसून तशीच थांबली. भाताकडे लक्षच नव्हतं. मग दोन्ही पुढचे पाय आत घेतले आणि टॉवेलवर बसली.

3 तारखेला पहाटे पावणेसहाला, छत लावलेलं, दाराला सुतळी बांधलेली. ती आत गेल्यावर खालच्या पायऱ्यांवरून सुतळी ओढली. "मांजर झाकलं की शांत होतं" असं सगळीकडे वाचलं होतं, म्हणून पूर्ण कॅरिअरवर चादर टाकली. वीस पायऱ्या चढेपर्यंत तिने आत लघवी केली आणि तोंड उघडून धापा टाकायला लागली. घरात आल्याबरोबर चादर काढली. हे झाकण्याचं प्रकरण पुढे पुन्हा येणार आहे.

जिन्यापासून खोलीपर्यंतच्या वीस पायऱ्यांना सहा दिवस लागले.

4 ऑगस्ट, रविवार

पलंगाखाली, भिंतीला पाठ लावून. आज पुन्हा धरणातून पाणी सोडलं, खालचे लोक सामान वर आणत होते, दिवसभर जिन्यात आवाज. तिने पाणीसुद्धा प्यायलं नाही. रात्री दोनला भांड्याचा आवाज आला, तेव्हा मला झोप लागली.

5 ते 9 ऑगस्ट

शी-शूच्या ट्रेमध्ये नेहमीचं बेंटोनाइट लिटर (मांजरांच्या ट्रेसाठी विकत मिळणारी दाणेदार माती) भरलं होतं, बंड्या-ताई वापरतात तेच. शेवंतीने त्याचा वास घेतला आणि गादीवर मोकळी झाली. सलग दोन दिवस. गादी धुवायला 700 रुपये.

ट्रे चुकीचा नव्हता, माती चुकीची होती. ती आयुष्यभर कुंड्यांत आणि बांधकामाच्या वाळूत जाते आहे. नर्सरीतली खत नसलेली माती आणि कोपऱ्यावरच्या साइटवरून मागून आणलेली वाळू निम्मी-निम्मी करून ट्रे भरला. त्याच रात्री वापरला. नंतर रोज एक मूठ माती कमी, एक मूठ लिटर जास्त. सतरा-अठरा दिवसांत पूर्ण लिटरवर आली.

याच आठवड्यात घरातलं फिनाइल बंद केलं. मांजरं पंजे चाटतात आणि त्यातलं फिनॉल त्यांच्या शरीराला पचत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं फरशी फिनाइलने पुसली जात होती, मला हे आधी माहीत असायला हवं होतं.

7 ऑगस्ट

डॉक्टरांना घरी बोलावलं, 800 रुपये. तिला एवढ्यात पुन्हा कॅरिअरमध्ये घालणं मला नको होतं. वजन 2.6 किलो. रक्ताचा थेंब घेऊन एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंची किट चाचणी, 1,900 रुपये, दहा मिनिटांत निकाल: दोन्ही नाही. लागण नुकतीच झाली असेल तर चाचणीत दिसत नाही, म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा. जंताचं औषध आणि डोळ्यांचे थेंब, 420.

दोन आठवडे पूर्ण वेगळं ठेवायला सांगितलं. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू खोलीत वर्षभरसुद्धा टिकू शकतो आणि आपल्या चपलांवरून, हातांवरून दुसऱ्या खोलीत जातो. म्हणून आतल्या खोलीच्या चपला वेगळ्या, फडकं वेगळं, बाहेर येताना हात धुवायचे. आधी बंड्या-ताईचं खाणं, मग शेवंतीचं, उलट नाही.

12 ऑगस्ट

वासाची ओळख करून द्यायला शेवंतीच्या गालांवरून मऊ फडकं फिरवलं (आता बोटाएवढ्या अंतरावरून गाल पुढे करते) आणि ते ताईच्या जेवणाच्या वाटीखाली ठेवलं. वाईट वास नाही, चांगल्या गोष्टीशी जोड बसेल, असा हिशोब होता. ताईने वाटीपाशी येऊन फिसकारलं, मागे गेली आणि तेव्हापासून चोवीस तास खाल्लं नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर येतं, त्यामुळे मी घाबरले.

फडकं काढलं, वाटी बदलली, जागा बदलली. संध्याकाळी खाल्लं. फडकं आता हॉलच्या दुसऱ्या टोकाला, सोफ्यामागे. तिला हवं तर जाऊन वास घेईल. रात्री गेली, वास घेतला, त्यावर बसली नाही पण फिसकारलीही नाही. रोज एक वीत जवळ आणणार.

10 ते 20 ऑगस्ट, कॅरिअर

हे दिवस सगळ्यात संथ गेले आणि सगळ्यात जास्त शिकवून गेले. कॅरिअरचा तळ खोलीत कायम पडलेला. त्यापासून एक मीटरवर वाटी. रोज एक वीत जवळ.

14 तारखेला सगळं छान चाललंय असं वाटून एकदम दोन विती सरकवली. तिने वाटीकडे पाहिलं, तळाकडे पाहिलं, पलंगाखाली गेली. रात्रभर खाणं तसंच. परत तीन विती मागे यावं लागलं. एक वीत घाई केली, चार दिवस गेले.

18 तारखेला संध्याकाळी वाटी तळाच्या आत, अगदी काठाशी. ती आली. उजवा पुढचा पंजा टॉवेलवर दाबला आणि उचलला. पुन्हा दाबला. मान इतकी लांब केली की खांद्याची हाडं वर आली. मागचे पाय फरशीवर, नखं बाहेर काढून फरशी धरलेली, पळायची तयारी पूर्ण. अशा अवस्थेत अर्धी वाटी संपवली. मी श्वास रोखून दाराशी बसले होते. शेवटी मागचा डावा पाय आत आला, मग उजवा, आणि नखं आत गेली.

छत लावल्यावर काही अडचण नाही. अडचण आली ती दाराच्या कडीची. "खट" आवाज झाला की ती उडते. मग दार लांब ठेवून, हातात घेऊन, दिवसातून दहा वेळा खट आणि लगेच उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. हळूहळू खट वाजलं की ती माझ्या हाताकडे बघायला लागली.

21 ऑगस्ट, बुधवार

आज माझ्या हातून मोठी चूक झाली. बंड्याची वार्षिक लस होती. त्याची जुनी टोपली मोडलेली, म्हणून त्याला शेवंतीच्या कॅरिअरमधून नेलं.

परत आल्यावर दार उघडलं, बंड्या बाहेर आला, ताई धावत आली, नेहमीसारखं नाकाला नाक लावायला. मधेच थांबली. शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगली आणि तिने चार वर्षं बरोबर झोपणाऱ्या बंड्याच्या तोंडावर पंजा मारला. त्याला दवाखान्याचा वास येत होता आणि कॅरिअरमधून शेवंतीचाही. तिच्या दृष्टीने तो बंड्या नव्हताच. दोघांना दोन दिवस वेगळं ठेवलं. बंड्याला ओल्या फडक्याने पुसलं, ताईच्या अंथरुणावरचं कापड त्याच्या अंगावरून फिरवलं, तेव्हा कुठे ओळख पटली.

आणि कॅरिअर? शेवंतीने दारातूनच वास घेतला आणि पलंगाखाली. गरम पाण्याने धुतलं, पाऊस असल्याने उन्हात वाळवता आलं नाही, पंख्याखाली दोन दिवस ठेवलं. पुन्हा आत जेवायला 26 तारीख उजाडली.

ओळखीतून वापरलेलं दुसरं कॅरिअर 900 रुपयांना घेतलं. सवय लागेपर्यंत एका मांजराचं कॅरिअर दुसऱ्याला वापरायचं नाही. आणि दवाखान्यातून आलेल्या मांजराला घरातल्या इतरांसमोर लगेच सोडायचं नाही, तास-दोन तास वेगळ्या खोलीत ठेवायचं.

3 सप्टेंबर, मंगळवार

नसबंदी. औषधं-भूल धरून 5,500 रुपये. डॉक्टरांनी आधी घरी द्यायला गॅबापेंटिन हे भीती कमी करणारं औषध दिलं होतं, 180 रुपये. डोस त्यांनी वजनावरून ठरवला, तो इथे लिहीत नाही कारण प्रत्येक मांजराचा वेगळा असतो. निघायच्या दोन तास आधी चिकनच्या पाण्यातून दिलं. चालताना थोडी झुलत होती, डोळे शांत.

आत स्वतःहून गेली. दार लावलं. यावेळी चादर पूर्ण टाकली नाही. आदल्या आठवड्यात खोलीतच करून बघितलं होतं: तिन्ही बाजू आणि वर झाकलं की धापा, पण मागची बाजू आणि छताचा अर्धा भाग झाकून समोरचं उघडं ठेवलं की ती मागे टेकून बसते आणि बाहेर बघते. पूर्ण झाकलं की तिला पोतं आठवत असावं, असं मला वाटतं. बंड्या पूर्ण झाकल्यावरच शांत होतो. तेव्हा आपल्या मांजराचं आपण बघायचं.

रिक्षात एक गोष्ट लक्षात ठेवा. सीट मागे उतरती असते, कॅरिअर ठेवलं की मांजर घसरून एका कोपऱ्यात दाबलं जातं. मागच्या कडेखाली घडी केलेला टॉवेल घालून सपाट केलं. आणि कॅरिअर मुठीला धरून झुलवत न्यायचं नाही, तळाला दोन्ही हात देऊन छातीशी धरायचं. जिन्यावर हे जड जातं, पण आतलं झुलणं थांबतं.

7 सप्टेंबर, गणेश चतुर्थी

टाके आहेत. कॉलनीत दुपारपासून ढोल-ताशा. खोलीच्या खिडकीला गाद्या लावल्या, पंखा मोठा केला. ती कॅरिअरमध्ये गेली आणि तिथेच राहिली. मी काही केलं नव्हतं.

11 सप्टेंबर, गौरीपूजन

घरात हळदीकुंकवाला वीसेक बायका. आतल्या खोलीला कडी होती, चिठ्ठीही लावली होती. नऊ वर्षांच्या भाचीला मांजर बघायचं होतं, तिने हळूच कडी काढली. तिचा काही दोष नाही, चिठ्ठी मोठ्यांच्या उंचीवर होती आणि कुलूप मी लावायला हवं होतं.

ताई तिच्या पायातून आत. मी हॉलमध्ये ओटी भरत होते, आवाज आल्यावर धावले. दोघी एकमेकींत गुंतून गोल फिरत होत्या, केस उडत होते. हात घालायचा नाही एवढं भान राहिलं. गौरीपुढचा जास्तीचा पाट दाराशी उभा होता, तो दोघींच्या मधे उभा घातला. ताई एका बाजूला राहिली. शेवंती उडी मारून कॅरिअरमध्ये शिरली आणि पाठमोरी न होता, तोंड बाहेर करून बसली.

इतकी वाईट दुपार, पण कॅरिअर ही आता तिची जागा झाली आहे हे मला तिथे कळलं. सव्वा महिन्यापूर्वी ती त्यातून सुटायला बघत होती.

टाके उसवले नाहीत. तिच्या कानाला एक ओरखडा. ताईने हॉलच्या पडद्यावर लघवी केली, असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दोन बदल लगेच केले. दाराला लहान कुलूप. आणि कॅरिअर जमिनीवरून उचलून स्टुलावर, छताचं दार कायम उघडं. कारण पाट काढल्यावर ताई कॅरिअरच्या तोंडाशी येऊन गुरगुरत बसली होती आणि शेवंतीला दुसरी वाट नव्हती. आसऱ्याच्या जागेला एकच तोंड असेल तर तो सापळा होतो.

14 सप्टेंबर

टाके काढले, ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) आणि रेबीजची लस, 1,250. गॅबापेंटिनशिवाय गेली. वाटेत दोनदाच ओरडली.

16 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर, जाळी

दार उघडलं की भांडण, बंद ठेवलं की ओळख नाही. मधला मार्ग जाळी. आधी डासांची जाळी लावली, 400 रुपये. ताईच्या नखांनी दुसऱ्याच दिवशी फाटली. मग हार्डवेअरमधून लोखंडी जाळी आणून सुताराकडून चौकट करून घेतली, 1,150. सुरुवातीलाच हे करायला हवं होतं.

जाळीवर जुनी सतरंजी टाकून ती पूर्ण झाकली. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी जेवण, पहिल्या दिवशी जाळीपासून सहा-सहा फूट. रोज सतरंजी चार बोटं वर. आधी एकमेकींचे पंजेच दिसायचे, आठव्या दिवशी नाकं, अकराव्या दिवशी डोळे.

डोळे दिसायला लागले तेव्हा खरं काम सुरू झालं. पंजा मारण्याच्या कितीतरी आधी ताई एकटक बघायला लागते. खाणं थांबतं, मिशा पुढे येतात, शेपटीचं फक्त टोक हलतं. ते टोक हललं की मी मधे पुठ्ठा सरकवून दुसरीकडे खेळणं फिरवायचे. पहिल्या दिवशी जेवताना सात वेळा. 3 ऑक्टोबरला एकदा. ताईने बघता बघता डोळे हळू मिटले आणि मान वळवली, ते 4 तारखेला, रात्री साडेनऊला.

17 तारखेला, अनंत चतुर्दशीला, या कामाला सुट्टी दिली. बाहेर एवढा गोंगाट असताना मांजरांकडून काही अपेक्षा करू नये.

28 सप्टेंबर

मधेच लिहायचं राहिलं: प्रत्यक्ष भेट आधी बंड्याशी, ताईशी नाही. दोघांना एकदम नव्या मांजरासमोर सोडलं तर एकाचा ताण दुसऱ्याला चढतो. बंड्या आत आला, शेवंतीला दोन हात लांबून ओलांडून खिडकीत जाऊन बसला आणि कबुतरं बघायला लागला. ती फिसकारली. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाच मिनिटांनी त्याला बाहेर काढलं. असा एक बोका घरात असेल तर अर्धं काम तोच करतो.

6 ऑक्टोबर

ताई आणि शेवंती, जाळी उघडी. चार मिनिटं. भांडण होण्याआधी संपवायचं होतं आणि संपवलं. चांगलं चाललंय म्हणून पाचवं मिनिट घ्यायचा मोह झाला होता.

12 ऑक्टोबर, दसरा

ट्रायकॅटचा दुसरा डोस 900, चाचणी पुन्हा 1,900, दोन्ही निकाल चांगले. येताना तिला आधी तिच्या खोलीत तासभर ठेवलं. आता ताईशी रोज वीस मिनिटं.

20 ऑक्टोबर

आठवडाभर शेवंती लिटरबॉक्सला जाताना पॅसेजमधून परत फिरत होती. काही आजार वाटला. मग दिसलं: ताई पॅसेजच्या तोंडाशी आडवी पडलेली असते. मारत नाही, ओरडत नाही, फक्त पडलेली असते. तेवढं पुरतं.

मांजरांपेक्षा एक लिटरबॉक्स जास्त असावा असं म्हणतात. आमच्या घरात चार मावत नाहीत. तीनच ठेवले, पण दोन एकाच बाथरूममध्ये होते त्यातला एक हॉलच्या बाल्कनीत नेला आणि पॅसेजच्या भिंतीला चपलांच्या कपाटावरून जाता येईल अशी वरची वाट करून दिली. शेवंती वरून जाते, ताई खालून. अडचण चार दिवसांत मिटली.

1 नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

संध्याकाळी सातपासून फटाके. बंड्या कपाटात. ताई पलंगाखाली, मग बाहेर, मग पुन्हा पलंगाखाली. शेवंती आपल्या कॅरिअरमध्ये, स्टुलावर. साडेआठला एक मोठी माळ लागली तेव्हा ताई पलंगाखालून निघाली आणि स्टुलाखाली जाऊन बसली, कॅरिअरच्या बरोबर खाली. शेवंतीने काठावरून मान खाली घालून बघितलं. दोघींपैकी कुणी आवाज केला नाही. पहाटे एकपर्यंत तशाच होत्या.

3 नोव्हेंबर, भाऊबीज

काकू घर रंगवून परत आल्यात. वर येऊन दारातच उभ्या राहिल्या. मी मनाची तयारी केली होती, ती त्यांची आहे. शेवंती त्यांच्या पदराला डोकं घासत पायांभोवती फिरली, मग जाऊन स्टुलावर बसली. काकू म्हणाल्या, "राहू दे. पाणी पुन्हा आलं तर माझ्याकडून ही उचलली जायची नाही. मी येत जाईन दुपारची." रोज येतात, सुकटेशिवाय. डॉक्टरांनी बंद केली आहे.

9 नोव्हेंबर, शनिवार

विचारतात म्हणून खर्च: खाणं सोडून 21,800 रुपये. यात लिटर, माती, वाळूचे 1,600 आणि रिक्षाचे 600 धरले आहेत. फाटलेली बॅग, फाटलेली जाळी आणि गादी मिळून 2,450 निव्वळ चुकांचे. वेळ: 29 जुलैची घाई, 21 ऑगस्टचं कॅरिअर आणि गौरींच्या दिवशीची कडी या तिन्हींनी मिळून महिना खाल्ला असेल.

आज नखं कापायला आणि वजनाला नेलं. 3.3 किलो. स्टुलावरून कॅरिअर उचलण्याआधी ती आतच होती, नुसतं दार लावलं. परत आल्यावर ठरल्याप्रमाणे तासभर वेगळी ठेवली. ताई बाहेरून आली, जाळीला नाक लावलं, दोनदा वास घेतला आणि गेली.

संध्याकाळी बघते तर शेवंतीच्या कॅरिअरमध्ये बंड्या पसरलेला, शेपटी बाहेर लोंबकळत. ती खाली उभी राहून वर बघत होती. मी त्याला उठवलं नाही. त्याचं कॅरिअर माळ्यावरून काढलं, तिचा टॉवेल आत घातला आणि स्टुलाशेजारी ठेवलं. तिने काठाचा वास घेतला, उजवा पंजा टॉवेलवर दाबला, आणि आत गेली.